वळणदार कर्सिव्ह फॉन्ट : पारख, जोडरेघा आणि छपाईतल्या अडचणी

टाकदौत

लपेटदार इंग्रजी कर्सिव्ह फॉन्टबद्दलचे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेले आहेत. कुणाची अक्षरं जुळत नाहीत, कुणाच्या छपाईत बारीक रेघा गायब होतात, कुणाच्या वेबपानावर शेवटच्या 'एफ'चं शेपूट कापलं जातं. बहुतेक वेळा मूळ कारण एकच असतं. फॉन्ट निवडलेला असतो विक्रीच्या पानावरचा मोठ्ठा नमुना बघून, आणि वापरायचा असतो भलत्याच मापाला, भलत्याच पृष्ठभागावर. म्हणून सगळं एका ठिकाणी यावं यासाठी हा धागा.

आधी घराणी ओळखू. कर्सिव्ह म्हटलं की सगळे एका माळेत ओवले जातात, पण वळण ठरतं लेखणीवरून.

सपाट टोकाच्या लेखणीचं, म्हणजे बोरूच्या जातीचं वळण हे चॅन्सरी इटालिक. रेघेची जाडी इथे दाबावर अवलंबून नसते, हात कोणत्या दिशेला जातो त्यावर असते. लुडोविको आरिगी यांचा १५२२ सालचा रोममधला छापील कित्ता या वळणाचा. हर्मान त्साफ यांचा १९७९ चा 'झाफ चॅन्सरी' याच घराण्यातला. अक्षरं बहुतांशी सुटी, कल कमी, त्यामुळे लहान मापातही वाचता येतात.

टोकदार, लवचिक निबेचं वळण म्हणजे इंग्लिश राउंडहँड. खाली येताना दाब दिला की निबेचे दोन दात फाकतात आणि रेघ जाड होते. वर जाताना दाब नसतो, त्यामुळे केसाइतकी बारीक रेघ उमटते. १८व्या शतकातले इंग्रजी कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत, त्यावरून याला कॉपरप्लेट म्हणायची पद्धत पडली. जॉर्ज बिकहॅम यांनी १७३३ ते १७४१ या काळात अनेक लेखनिकांचे नमुने असे कोरून काढले. रिचर्ड लिप्टन यांचा 'बिकहॅम स्क्रिप्ट' त्याच नमुन्यांवर बेतलेला आहे. अमेरिकेतलं १९व्या शतकाच्या मध्याचं स्पेन्सरियन वळण याचंच भावंड, फक्त छोट्या अक्षरांत दाब कमी आणि कॅपिटलमध्ये ठळक.

तिसरं ब्रशचं वळण : 'ब्रश स्क्रिप्ट' (१९४२), 'मिस्त्राल' (१९५३). त्यांचा बाज अनौपचारिक, त्यामुळे या धाग्यात त्यांना बाजूला ठेवू.

डौलदार, नाजूक म्हणून जो फॉन्ट मागितला जातो तो दहातल्या नऊ वेळा टोकदार निबेच्या घराण्यातला असतो. त्याची तीन लक्षणं पक्की लक्षात ठेवा. एक, कल. कॉपरप्लेटमध्ये अक्षराचा कणा बेसलाइनशी, म्हणजे अक्षरं जिच्यावर टेकतात त्या रेषेशी, सुमारे ५५ अंशांचा कोन करतो, स्पेन्सरियनमध्ये ५२ अंशांचा. म्हणजे उभ्या रेषेपासून ३५ अंश किंवा त्याहून जास्त तिरका. साधा इटालिक १० ते १५ अंशच कललेला असतो. दोन, छोट्या अक्षरांची उंची. 'एक्स'ची उंची कॅपिटलच्या जेमतेम एक तृतीयांश ते निम्मी. तीन, जाड आणि बारीक रेघांतला फरक प्रचंड. या तिन्हींतूनच सौंदर्य येतं आणि अडचणीही.

---

सुरेख_रेघ

उत्तम सुरुवात. जोडरेघांचं जरा खोलात लिहिते, कारण फॉन्टची खरी परीक्षा तिथेच होते.

कर्सिव्हमध्ये प्रत्येक अक्षराला आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन रेघा असतात. 'ए', 'सी', 'ई', 'एन', 'यू' यांची बाहेर जाणारी रेघ बेसलाइनपासून सुरू होऊन वर चढते. पण 'बी', 'ओ', 'व्ही', 'डब्ल्यू' ही अक्षरं संपतात वरच्या बाजूला, 'एक्स'च्या उंचीजवळ. म्हणजे 'ओ'नंतर 'एन' आलं की रेघ वरूनच निघून पुढच्या अक्षरात शिरायला हवी. साध्या फॉन्टमध्ये 'एन'चं एकच रूप असतं, खालून येणाऱ्या रेघेचं. मग 'ओ' आणि 'एन'च्या मध्ये फट पडते, किंवा रेघ अर्ध्या उंचीवर येऊन धडकते आणि तिथे गाठ दिसते.

चांगल्या फॉन्टमध्ये यासाठी पर्यायी रूपं आखलेली असतात आणि शेजारचं अक्षर बघून ती आपोआप बदलतात. ओपनटाइपमध्ये, म्हणजे हल्लीच्या प्रचलित फॉन्ट-फाइलींच्या स्वरूपात, या सोयीला कॉन्टेक्स्च्युअल आल्टरनेट्स म्हणतात.

फॉन्ट घेण्याआधी नमुन्याच्या चौकटीत आपला मजकूर टाकाच, पण त्याबरोबर या जोड्याही टाकून बघा : ओ-आर, ओ-एस, बी-ई, बी-आर, व्ही-ई, डब्ल्यू-ई, डब्ल्यू-आर, ओ-ओ, आर-आर, एस-एस, टी-टी, एल-एल, एफ-एफ. 'आर' आणि 'एस' ही दोन अक्षरं मुद्दाम घेतली आहेत. त्यांची आत येणारी रेघ टोकाशी जाऊन मिळते, त्यामुळे 'ओ'नंतर ती सर्वांत आधी बिघडतात. 'टी-टी'मध्ये दोन आडव्या रेघा एकमेकींवर चढतात का, तेही बघायचं. चांगला फॉन्ट दोन्ही 'टी'वरून एकच लांब रेघ नेतो.

दुसरी चाचणी : एखादी जोडी ४०० टक्के मोठी करून सांध्यावर नजर ठेवा. एका अक्षराची रेघ जिथे संपते तिथेच, त्याच जाडीने आणि त्याच कोनात पुढची सुरू झाली पाहिजे. जाडीत पायरी दिसली तर मोठ्या मापाच्या फलकावर ती हमखास डोळ्यांत खुपणार.

---

अनुस्वार

माहितीबद्दल आभार, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न साधा आहे. फॉन्टच्या नमुन्यात जोडरेघा व्यवस्थित दिसतात, पण वर्डमध्ये टाइप केलं की अक्षरं तुटक. फॉन्ट खराब म्हणायचा का?

---

सुरेख_रेघ

@अनुस्वार, बहुधा नाही. वर्डमध्ये या सोयी सुरुवातीला बंद असतात. मजकूर निवडून कंट्रोल-डी दाबा, अ‍ॅडव्हान्स्ड या टॅबवर जा. तिथे तीन गोष्टी करायच्या :

'कर्निंग फॉर फॉन्ट्स' वर खूण करून पुढच्या चौकटीत १ पॉइंट लिहा. कर्निंग म्हणजे अक्षरांच्या ठरावीक जोड्यांतलं अंतर जुळवणं. काही फॉन्टचे सांधे कर्निंगच्या तक्त्यातूनच जुळतात, ते बंद असलं की फटी पडतात.

'लिगेचर्स' (दोन-तीन अक्षरं मिळून झालेलं एक रूप) मध्ये 'स्टँडर्ड अँड कॉन्टेक्स्च्युअल' निवडा आणि 'यूज कॉन्टेक्स्च्युअल आल्टरनेट्स' वर खूण करा.

'स्पेसिंग' हे 'नॉर्मल'च ठेवा. इथे 'एक्स्पांडेड' असेल तर बाकी सगळं करूनही उपयोग नाही.

वर्डमध्ये स्वॉशसाठी, म्हणजे अक्षराच्या टोकाला काढलेल्या लांब फुलोऱ्यासाठी, वेगळं बटण नाही. फॉन्टकाराने ते अलंकार स्टायलिस्टिक सेटमध्ये (पर्यायी रूपांच्या संचात) दिले असतील तर त्याच खिडकीतून १ ते २० पैकी संच निवडता येतो. लिबरऑफिसमध्ये फॉन्टच्या नावाजवळ 'फीचर्स' बटण आहे. इंकस्केपमध्ये 'टेक्स्ट अँड फॉन्ट' खिडकीत फीचर्सचा टॅब आहे.

---

छापखाना

अक्षरांतल्या अंतराबद्दल एक भर. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये कर्निंगचे दोन प्रकार असतात, मेट्रिक्स आणि ऑप्टिकल. रोमन, म्हणजे साध्या उभ्या, टाइपाला ऑप्टिकल कधी कधी शोभून दिसतं, पण जोडलेल्या अक्षरांच्या कर्सिव्हला ते कधीही लावू नका. ऑप्टिकल पद्धत अक्षरांचे आकार मोजून मधली मोकळी जागा सारखी करायला बघते, तिला जोडरेघ म्हणजे काय ते कळत नाही. परिणामी कुठे फट, कुठे रेघेवर रेघ. इलस्ट्रेटरमध्ये 'ऑटो' असेल तरी चालतं, कारण ते फॉन्टमधलंच कर्निंग घेतं.

ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांत सारखंच वाढवलेलं अंतर, तेही शून्य. ओळ दोन्ही कडांना टेकवायची म्हणून जस्टिफाय केली आणि सॉफ्टवेअरने अक्षरांतलं अंतर ताणलं, तरी हाच प्रकार होतो. कर्सिव्ह मजकूर मध्यभागी किंवा डावीकडे धरून ठेवावा, जस्टिफाय करू नये.

आता बारीक रेघांचं गणित. हे एकदा समजून घेतलं की छपाईतले निम्मे घोळ टळतात.

फॉन्टमधला 'एन' १००० पॉइंट मापात टाइप करा, आउटलाइन करा (म्हणजे मजकुराचं रेखाकृतीत रूपांतर करा) आणि सर्वांत बारीक जागी जाडी मोजा. समजा ती १२ पॉइंट भरली. म्हणजे बारीक रेघ मापाच्या हजारात १२ भाग. आता :

२४ पॉइंट मापाला रेघ ०.२९ पॉइंट.
१४ पॉइंट मापाला ०.१७ पॉइंट.

ऑफसेटवर, गुळगुळीत कागदावर, गडद शाईने ०.२५ पॉइंटची, म्हणजे सुमारे ०.०९ मिलिमीटरची रेघ नीट उतरते असं धरून चालतो. त्या हिशेबाने हा फॉन्ट २१ पॉइंटच्या खाली नेऊ नये. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं काढायची असतील तर चारही बाजूंनी शाई आत सरकते, तिथे ०.५ पॉइंट हवा. म्हणजे माप थेट ४२ पॉइंट. त्याखाली गेलात तर पांढऱ्या अक्षरांचे जाड दांडे तेवढे उरतात आणि जोडरेघा बुजतात.

रंगाचंही तसंच. कर्सिव्हच्या बारीक रेघा नेहमी एकाच शाईत छापाव्यात. चार शाया मिसळून काळा रंग केला आणि पत्रा केसभर जरी सरकला, तरी रेघेच्या बाजूने रंगीत झालर दिसते. काळं हवं असेल तर फक्त काळी शाई १०० टक्के. राखाडी किंवा फिकट सोनेरी छटा हवी असेल तर स्पॉट रंग, म्हणजे त्याच छटेची तयार शाई, घ्या. ४० टक्के काळा म्हणजे छापताना ठिपक्यांची जाळी. ठिपक्यांतलं अंतर रेघेच्या जाडीपेक्षा जास्त असलं की रेघ सलग न दिसता तुटक तुटक दिसते. पडद्यावर हे कधीच दिसत नाही, म्हणून लोक फसतात.

---

कित्ता

बारीक रेघ जाड करण्यासाठी बोल्ड बटण दाबलं तर?

---

छापखाना

@कित्ता, नको. बहुतेक कर्सिव्ह फॉन्टना बोल्ड वजन नसतंच. सॉफ्टवेअर खोटं बोल्ड बनवतं, त्यात सगळ्याच रेघा सारख्या फुगतात, 'ई' आणि 'एल'च्या आतल्या वेलांट्या बुजतात. आणि इटालिकचं बटण तर मुळीच नको, आधीच ३५ अंश कललेलं अक्षर आणखी आडवं होतं.

अगदीच गरज असेल तर : मजकूर आउटलाइन करा, सगळी अक्षरं एकजीव करा, मग त्याच रंगाची ०.१ ते ०.२ पॉइंटची स्ट्रोक द्या, कोपरे गोल ठेवा. स्ट्रोक दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जाते, त्यामुळे ०.१७ ची रेघ ०.१५ च्या स्ट्रोकने ०.३२ होते. जाड दांड्यांवर तेवढ्याने फरक कळत नाही. याहून जास्त जाडी लागत असेल तर फॉन्ट चुकलाय, कमी फरकाचा दुसरा घ्या. काही कुटुंबांत लहान मापासाठी जाड रेघांची वेगळी आवृत्तीच मिळते, ती असेल तर स्ट्रोकच्या भानगडीत पडायचंच नाही.

---

टाकदौत

मापाबद्दल अजून एक. छोट्या अक्षरांची उंची कमी असल्याने १२ पॉइंटचा कर्सिव्ह शेजारच्या १२ पॉइंटच्या रोमनपुढे पिटुकला दिसतो. रोमनची 'एक्स' उंची मापाच्या ०.४८ आणि कर्सिव्हची ०.२५ असेल, तर डोळ्यांना सारखं दिसायला कर्सिव्ह २३ पॉइंट हवा. उंच दांडे आणि खालच्या वेलांट्या मात्र त्या प्रमाणात दुपटीने वाढतात, म्हणून एकाच ओळीत दोन्ही मिसळायचे असतील तर ओळींतलं अंतर आधीच ठरवून ठेवा. शक्यतो मिसळू नयेतच. कर्सिव्हला स्वतंत्र ओळ द्या.

आणि फक्त कॅपिटल अक्षरांत कधीही लिहू नका. या घराण्यातली कॅपिटल अक्षरं छोट्या अक्षरांच्या सोबतीला म्हणून आखलेली असतात. ती एकमेकांना जोडत नाहीत, प्रत्येकाचा फुलोरा शेजाऱ्याच्या अंगावर जातो आणि 'आय', 'जे', 'टी', 'एफ', 'एल', 'एस' यांतला फरकच कळेनासा होतो.

---

शाईचा_डाग

प्रमाणपत्रांवर हेच होतं! नावांची यादी येते ती सगळी कॅपिटलमध्ये, मेल मर्ज केलं (यादीतली नावं नमुन्यात आपोआप भरली) की एकही नाव वाचता येत नाही. मर्ज करण्याआधी एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यात 'प्रॉपर' हे फंक्शन लावा, पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकी छोटी होतात. मग डोळ्यांखालून यादी घाला, कारण अ‍ॅपॉस्ट्रॉफी किंवा हायफन आला की पुढचं अक्षरही ते कॅपिटल करतं आणि नावाच्या मधोमध कॅपिटल लागणारी आडनावं सपाट करून टाकतं. नावांच्या मागेपुढे राहिलेल्या रिकाम्या जागा 'ट्रिम'ने काढा, नाहीतर मध्यभागी धरलेलं नाव एका बाजूला सरकतं.

मग यादीतलं सर्वांत लांब नाव, सर्वांत छोटं नाव आणि 'जी', 'वाय', 'जे' अशी खाली उतरणारी अक्षरं असलेलं एक नाव, अशी तीन प्रमाणपत्रं छापून बघा. लांब नावासाठी माप कमी करावं लागलं तर सगळ्यांचंच करा. एकाच समारंभात ३६ पॉइंटचं एक आणि २४ पॉइंटचं दुसरं शोभत नाही.

आणि ०.२५ पॉइंटची मर्यादा ऑफिसातल्या लेझर प्रिंटरला लावू नका. खरखरीत जाड कागदावर टोनर नीट धरत नाही, तिथे बारीक रेघ तुटते. गुळगुळीत कागद घ्या, शिवाय प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'जाड' असा निवडा. त्याने टोनर पक्का बसतो.

---

जाळंविणकर

वेबवरच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्या एकत्र लिहितो.

पहिली गोष्ट, सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) फॉन्टकुटुंब म्हणून नुसतं 'कर्सिव्ह' असं लिहून भागत नाही. विंडोजवरचे ब्राउझर त्या नावाला बहुतेक वेळा कॉमिक सॅन्स दाखवतात, मॅकवर अ‍ॅपल चॅन्सरी येतो. फॉन्टची फाइल स्वतः द्यायची आणि 'कर्सिव्ह' शेवटचा आधार म्हणून ठेवायचं.

छापखाना यांचं गणित पडद्यालाही लागू आहे. हजारात १२ भाग रेघ असेल तर १६ पिक्सेलला ती ०.१९ पिक्सेल भरते. एवढी रेघ पडदा दाखवू शकत नाही, तो तिथे फिकट राखाडी छटा भरतो. रंग शुद्ध काळा दिलात तरी डोळ्याला दिसतो करडा. एक पूर्ण पिक्सेल मिळायला साध्या पडद्यावर ८३ पिक्सेलचं माप लागतं, दुप्पट घनतेच्या पडद्यावर ४२. म्हणून मथळा सोडून हा फॉन्ट वेबवर कुठेही नको. बटण, मेनू, फॉर्म, किंमत, तारीख : कुठेच नको. सुगम्यतेच्या निकषात साध्या मजकुराला ४.५ : १ आणि मोठ्या मजकुराला ३ : १ कॉन्ट्रास्ट सांगितलाय, पण ते मोजमाप दिलेल्या रंगांचं आहे. बारीक रेघांत प्रत्यक्ष कॉन्ट्रास्ट त्याहून बराच खाली येतो, म्हणून इथे निकष कागदोपत्री पार करून थांबू नका.

लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. अनेक तयार थीममध्ये मथळ्यांना थोडं अंतर आधीच दिलेलं असतं, ते वारशाने आत येतं आणि सांधे तुटतात. शिवाय हे अंतर शून्य नसेल तर ब्राउझर लिगेचरही बंद करतो. टेक्स्ट-ट्रान्सफॉर्मने मथळे अपरकेस केलेले असतील तर तेही काढा.

शेपूट कापलं जाण्याचं कारण : फॉन्टमध्ये अक्षराची जी रुंदी नोंदलेली असते, स्वॉश तिच्या बाहेर लोंबतो. डब्याला ओव्हरफ्लो हिडन असेल, किंवा अक्षरांत ग्रेडियंट भरण्यासाठी पार्श्वभूमी मजकुराच्या आकारात कापली असेल, तर बाहेरचा भाग उडतो. डाव्या-उजव्या बाजूंना ०.३ ते ०.५ एम (एक एम म्हणजे फॉन्टच्या मापाइतकी लांबी) पॅडिंग द्या, ओळीची उंची १.३ ते १.५ ठेवा. मोबाइलवर ओळ मोडते तेव्हा वरच्या ओळीच्या 'वाय'चा फुलोरा खालच्या कॅपिटलवर पडतो. मथळा कुठे मोडायचा ते स्वतः ठरवा, ब्राउझरवर सोडू नका.

फाइल हलकी करण्यासाठी फॉन्टचं सबसेट करणार असाल तर सावधान. नको असलेली अक्षरं काढताना पर्यायी रूपं आणि ओपनटाइपचे नियमही उडू शकतात. पायएफटीसबसेट हे साधन स्वॉश आणि स्टायलिस्टिक सेट आपणहून ठेवत नाही. ले-आउट फीचर्सच्या पर्यायात 'सगळे' असं सांगावं लागतं.

---

अनुस्वार

समाजमाध्यमांवर लोक नावं कर्सिव्हमध्ये लिहितात, तिथे तर फॉन्ट बदलायची सोय नसते. ते कसं करतात?

---

जाळंविणकर

@अनुस्वार, तो फॉन्ट नव्हेच. युनिकोडमध्ये गणिती सूत्रांसाठी वेगळी वळणदार अक्षरचिन्हं आहेत, २००१ मधल्या ३.१ आवृत्तीपासून. 'फॅन्सी टेक्स्ट' बनवणारी संकेतस्थळं साध्या अक्षरांच्या जागी ती चिन्हं टाकतात. स्क्रीन रीडर एकतर ती वगळतो किंवा एकेका चिन्हाचं लांबलचक गणिती नाव वाचतो, त्यामुळे दृष्टिहीन वाचकाला नाव कळतच नाही. शोध घेताना नाव सापडण्याचीही खात्री नसते. आणखी एक गंमत दिसेल : त्या साध्या वळणदार संचात 'बी', 'ई', 'एफ', 'एच', 'आय', 'एल', 'एम', 'आर' ही कॅपिटल अक्षरं वेगळी मांडलेली दिसतात. कारण ती युनिकोडमध्ये आधीपासून दुसऱ्या विभागात होती, आणि तिथली रूपं बऱ्याचदा दुसऱ्याच फॉन्टमधून येतात. नाव, पत्ता, हॅशटॅग यांत ही चिन्हं अजिबात वापरू नका.

---

रंधा

लेझर कटिंग, विनाइल आणि भरतकाम करणाऱ्यांसाठी.

कर्सिव्हमध्ये शेजारची अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. छपाईत ते दिसत नाही. कटरला मात्र प्रत्येक अक्षराची कड ही कापायची रेघ, म्हणून तो प्रत्येक सांध्यावर आडवा काप देतो आणि नावाचे तुकडे होतात. कापायच्या आधी एकजीव करणं सक्तीचं. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ ने आउटलाइन, मग पाथफाइंडरमधलं युनाइट. इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी ने पाथ, गट सोडवा, मग युनियन. कोरलड्रॉमध्ये वेल्ड. नंतर आउटलाइन दृश्यात जाऊन सांधा न् सांधा तपासा, कुठेही आतून रेघ जाता कामा नये.

एकजीव न करता सगळे पाथ नुसते कंबाइन केले तर चढलेल्या जागी पांढरी भोकं पडतात. भरणीचा नियम सम-विषम असल्याचं ते लक्षण. युनियन करा किंवा नियम नॉन-झीरो करा.

सुटं नाव कापायचं असेल तर सर्वांत बारीक रेघ निदान पत्र्याच्या जाडीइतकी हवी. ३ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकला ३ मिलिमीटर. कॉपरप्लेट फॉन्ट इथे निरुपयोगी, ऑफसेट पाथने जाड करायला गेलात तर वेलांट्या बुजतात. 'सॅक्रामेंटो'सारखा एकाच जाडीचा मोनोलाइन फॉन्ट घ्या, पण तो सगळीकडे जोडलेला नाही, तिथे हाताने पूल घाला. 'आय' आणि 'जे'वरचे टिंब सुटे पडतात, ते दांड्याला चिकटवा किंवा मागे पट्टी द्या.

भरतकामात साटन टाक्याची पट्टी साधारण १ मिलिमीटरच्या खाली नीट बसत नाही, कापड ओढलं जातं आणि दोरा तुटतो. हजारात १२ भागांच्या रेघेला १ मिलिमीटर जाडी यायची तर मापच ८३ मिलिमीटर लागेल. बारीक जोडरेघा साटनऐवजी धावत्या टाक्याच्या दुहेरी ओळीने काढल्या तर निभावतं.

---

कित्ता

सोनेरी फॉइलबद्दलही सांगा ना कुणीतरी.

---

छापखाना

फॉइलमध्ये रेघ न उमटण्यापेक्षा मधली फट बुजण्याचा धोका जास्त. गरम ठशाने फॉइल दाबली जाते तेव्हा ती कडेने किंचित पसरते, त्यामुळे 'ई', 'ए', 'ओ' यांचं पोट आणि सांध्यांतले अरुंद कोपरे भरतात. रेघ आणि फट दोन्ही ०.५ पॉइंटच्या वर ठेवल्या तर निश्चिंत राहता येतं. पोत असलेल्या कागदावर खळग्यांत फॉइल पोचत नाही आणि जोडरेघ तुटते, म्हणून पोत हवाच असेल तर माप वाढवा. ठसा करायला देताना फाइल वेक्टर, एकाच रंगाची, अक्षरं एकजीव केलेली. चित्ररूपात पाठवली तर कडा दातेरी येतात आणि ठसा तसाच बनतो.

---

अक्षरवेल

सोबतीला कोणता फॉन्ट घ्यावा, यावर थोडं. इथेही लेखणीचं नातं बघा. टोकदार निबेच्या कर्सिव्हबरोबर बोडोनी किंवा दिदो जातीचे रोमन टाइप जमतात, कारण जाड-बारीक फरक दोघांतही तसाच. चॅन्सरीबरोबर गॅरामाँडसारखे. खात्री नसेल तर साधा, हलक्या वजनाचा सॅन्स (टोकांना आडव्या रेघा नसलेला टाइप) घ्या, तो कुणाशीच भांडत नाही. एका पानावर दोन कर्सिव्ह कधीच नकोत.

मोफत आणि खुल्या परवान्याचे पाहिजे असतील तर 'पिन्यॉन स्क्रिप्ट' राउंडहँडच्या जवळचा आहे, 'ग्रेट व्हाइब्ज' जास्त फुलोऱ्याचा, 'अलेक्स ब्रश' ब्रशच्या अंगाचा पण सुबक. ओपन फॉन्ट लायसन्समध्ये व्यावसायिक कामाला, वेबला, पीडीएफमध्ये बसवायला परवानगी असते, फक्त फॉन्टच स्वतंत्रपणे विकता येत नाही. 'पर्सनल यूज' असं लिहिलेले फॉन्ट ग्राहकाच्या कामात वापरू नका. त्यांत बऱ्याचदा आकडे, विरामचिन्हं किंवा पर्यायी रूपंही गाळलेली असतात.

बोधचिन्हासाठी फॉन्ट टाइप करून तसाच सोडू नये असं मला ठामपणे वाटतं. कोका-कोलाचं १८८६ मधलं नाव फ्रँक रॉबिन्सन यांनी स्पेन्सरियन वळणात काढलं, ते त्या एका शब्दासाठी जुळवलेलं अक्षरलेखन आहे. निदान पहिलं कॅपिटल आणि शेवटचं अक्षर आउटलाइन करून हाताने सुधारा, दोन सारखी अक्षरं शेजारी असतील तर त्यांतलं एक बदला.

---

अनुस्वार

मराठी मजकुराला असाच बाज देता येतो का? देवनागरी अक्षरं तिरकी करून?

---

अक्षरवेल

@अनुस्वार, तिरकी करून नाही. देवनागरीत अक्षरं जोडण्याचं काम शिरोरेषा करते, आणि मात्रा वर-खाली लागतात. ३५ अंश कलवलं की वेलांटी आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर जातात, उकार मागे राहतो, रफार भलत्याच अक्षराचा वाटतो. शिवाय देवनागरीचा पारंपरिक जाड-बारीकपणा तिरक्या कापाच्या बोरूचा आहे, टोकदार निबेचा नाही. हस्ताक्षराचा बाज हवा असेल तर 'कलम' घ्या. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच हातचे आहेत आणि कल मुळातच आखलेला आहे. पण तो पेनाने लिहिल्यासारखा, औपचारिक डौलाचा नाही. इंग्रजी ओळ कॉपरप्लेटमध्ये आणि मराठी ओळ जाड-बारीक फरक असलेल्या उभ्या देवनागरीत, ही जोडी जास्त शोभते.

जलद लिहिण्यासाठी घडलेली लपेटीची लिपी म्हणाल तर ती मोडी. २०१४ पासून ती युनिकोडमध्ये आहे.

---

टाकदौत

अक्षरवेल, छान. इतिहासाची एक जोड देतो, कारण सांधे अवघड का ते त्यातून उमगतं. धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक अक्षर चौकोनी ठोकळ्यावर असे. तिरक्या अक्षराचा बाहेर आलेला भाग ठोकळ्याबाहेर लोंबे आणि छापताना मोडे. फर्मँ दिदो यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला ठोकळाच तिरका ओतून त्यावर मार्ग काढला. फोटोटाइपसेटिंग आल्यावर ठोकळाच उरला नाही, आणि मॅथ्यू कार्टर यांचा 'स्नेल राउंडहँड' १९६० च्या दशकाच्या मध्यात त्याच तंत्रासाठी आखला गेला. शेजारचं अक्षर ओळखून रूप बदलणं मात्र ओपनटाइपमुळेच सर्वत्र शक्य झालं. म्हणून जुन्या धातूच्या टाइपावरून उतरवलेल्या फॉन्टमध्ये पर्यायी रूपं कमी असतात. तो फॉन्टचा दोष मानू नका, पण 'ओ', 'बी', 'व्ही', 'डब्ल्यू'नंतरचे सांधे हाताने बघावे लागतील हे धरून चला.

---

कित्ता

शेवटचा प्रश्न. स्वॉश किती घालावेत? ग्लिफच्या (फॉन्टमधल्या सगळ्या अक्षररूपांच्या) खिडकीत एकेका अक्षराची वीस रूपं दिसतात.

---

सुरेख_रेघ

@कित्ता, शब्दाच्या पहिल्या कॅपिटलला एक, शेवटच्या अक्षराला एक. मधे उंच दांड्याचं 'एल', 'एच', 'डी' असेल आणि वर जागा मोकळी असेल तर तिथे आणखी एक चालेल. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीत खाली झुकणारा आणि खालच्या ओळीत वर उडणारा फुलोरा एकाच जागी समोरासमोर येऊ देऊ नका. स्टायलिस्टिक सेट पूर्ण मजकुराला लावू नका, फक्त ते एक अक्षर निवडून लावा. अक्षर बदललं की त्याच्या मागचा-पुढचा सांधा पुन्हा तपासा, कारण शेवटच्या जागेसाठी आखलेलं रूप मधे घातलं तर त्याची बाहेर जाणारी रेघ पुढच्या अक्षराला भेटतच नाही.

फाइल छपाईला पाठवताना दोन प्रती ठेवा. एक आउटलाइन केलेली पीडीएफ आणि एक मूळ मजकुराची. आउटलाइन केल्यावर नावातली स्पेलिंगची चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून नावं तपासून घेतल्यावरच आउटलाइन करा.